रोम-व्हेनिस सोडून उरलेली इटली

पायवाट (धागाकर्ती)

उन्हाळा जवळ आला की ओळखीपाळखीतून निरोप यायला लागतात. ‘इटलीला चाललोय, तुझं तिकडं जाणंयेणं असतं, जरा कार्यक्रम बघून दे.’ कार्यक्रम बहुतेक वेळा एकच: रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान आणि जमलंच तर आमाल्फीचा किनारा. रोज सकाळी बॅग भरायची, रोज संध्याकाळी उघडायची. मी आपली गाड्यांच्या वेळा दुरुस्त करून देते आणि गप्प बसते. या धाग्यात गप्प बसणार नाहीये.

माझं इटलीवेड घरातूनच आलेलं. वडील सावरकरांच्या ‘मॅझिनी’वर वाढलेले. १९०७ सालचं ते पुस्तक त्यांच्या वडिलांनी कुणाकडून तरी चोरून मिळवलेलं, असं ते सांगायचे. त्यामुळे गॅरिबाल्डी हा आमच्या घरात तानाजीच्या रांगेतला माणूस. पोटापाण्याचा संबंध मात्र मागांमुळे आला. मी इचलकरंजीची. तिकडून जुनेनवे रेपिअर माग यायचे, पुस्तकं इटालियनमध्ये, आणि सोबत आलेला फिटर काय बोलतोय ते कुणाला कळायचं नाही. पुण्यात शिकताना मी हौसेनं इटालियनचा वर्ग लावला होता, तो असा कामी आला. अजून तेच करते: मशीनची पुस्तकं, करार, कधी बैठकीत दुभाषी. काम सगळं उत्तरेत, बेर्गामोच्या आसपास. पण तिथल्या एका कारखान्यातला म्हातारा फिटर अब्रुत्सोचा होता. ‘इथे काय बघतेस, इथे सगळे काम करतात. माझ्याकडे जा,’ म्हणाला. गेले. तेव्हापासून काम संपलं की रजा जोडून मी गाडी पकडते ती दक्षिणेची.

अब्रुत्सो आणि मोलिसे. रोमच्या पूर्वेला, अपेनाइन डोंगर आणि अ‍ॅड्रिआटिक समुद्राच्या मध्ये. मोलिसेबद्दल तर इटालियन लोकांचाच जुना विनोद आहे की ते अस्तित्वातच नाही. १९६३पर्यंत ते कागदावर अब्रुत्सोला जोडलेलं होतं आणि आजही आख्ख्या प्रदेशाची वस्ती तीन लाखांच्या आतच.

सुरुवात सुलमोनापासून करा. रोमहून थेट रेल्वे आहे. कवी ओव्हिडचा जन्म इथला, इ.स.पू. ४३चा, आणि चौकात त्याचा पुतळाही आहे, पण गाव चालतं ते बदामांवर. साखरेचं कवच चढवलेले बदाम, म्हणजे ‘कोन्फेत्ती’. लग्नात पाहुण्यांना पाच पाच वाटतात आणि पदवी मिळाली की लाल रंगाचे. इथल्या दुकानदारांनी या बदामांना तार गुंडाळून त्यांची फुलं केली आहेत. लांबून वाटतं रस्त्याकडेला फुलबाजार भरलाय. जवळ गेल्यावर कळतं की सूर्यफुलाची प्रत्येक पाकळी एक बदाम आहे. एका दुकानातल्या बाईंनी मला तार पिळायला दिली होती. पाकळी नीट बसेपर्यंत चार बदामांची साल उडाली, ते चार मग मीच खाल्ले.

तिथून जवळ कोकुल्लो. १ मे आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिकडे सान (म्हणजे संत) दोमेनिकोचा आणि सापांचा दिवस. जेमतेम दोनशे वस्तीचं डोंगरातलं गाव. मार्च सरता सरता गावातले साप धरणारे रानात हिंडायला लागतात, धरलेले साप घरी जपून ठेवतात. सगळे बिनविषारी. १ मेला दुपारी बाराच्या सुमारास सान दोमेनिकोची मूर्ती चर्चच्या दाराबाहेर येते आणि तिथेच तिच्या अंगाखांद्यावर साप सोडतात. मग गल्ल्यांतून मिरवणूक. मूर्तीच्या डोळ्यांवर साप आला तर ते अशुभ, त्यामुळे गर्दीतली म्हातारी मंडळी सगळं सोडून तेवढंच बघत असतात. माझ्या शेजारी सात-आठ वर्षांची एक पोर उभी होती, गळ्यात साप. तिला आइस्क्रीम मिळालं तसा तिने साप काढून माझ्या हातात दिला. बोटांना गार, कोरडा, आणि दिसतो त्याहून जड. तो माझ्या कोपरापर्यंत चढला तरी हिचं आइस्क्रीम संपेना.

चर्चच्या आत रांग वेगळ्याच कामाची असते. घंटेची साखळी दातांत धरायची आणि ओढायची. सान दोमेनिको सर्पदंशाचा तसा दातदुखीचाही तारणहार. त्याची एक दाढ आणि त्याच्या खेचराचा नाल गावाने जपून ठेवला आहे. सण संपला की साप जिथून धरले तिथेच नेऊन सोडतात.

आता माझी सगळ्यात आवडती जागा. मोलिसेत सेपिनो गावाजवळ आल्तीलिया नावाची जागा आहे, तिथे रोमनांचं सेपीनुम हे शहर उघड्यावर पडलेलं आहे. पॉम्पेईत धक्के खाल्लेल्यांनी इथे जरूर यावं, अनेकदा आपल्याशिवाय कुणी नसतं. जुन्या नाट्यगृहाच्या अर्धवर्तुळावर नंतरच्या शेतकऱ्यांनी रोमनांचेच दगड वापरून घरं बांधली, ती तशीच वक्र उभी आहेत. शहराच्या मधून जाणारा मुख्य रस्ता खरं तर मेंढरांचा आहे. उन्हाळ्यात अब्रुत्सोचे डोंगर, हिवाळ्यात पुलियाची मैदानं, असे मेंढपाळ शेकडो वर्षं या वाटेनं ये-जा करत. या वाटांना ‘त्रात्तुरो’ म्हणतात आणि मोठ्या त्रात्तुरोची ठरलेली रुंदी होती १११ मीटर. आपल्या द्रुतगती महामार्गाच्या कितीतरी पट! १४४७मध्ये नेपल्सच्या आल्फोन्सो राजाने या कळपांवर कर बसवून वसुलीचं खातंच उघडलं, ते १८०६पर्यंत चाललं.

सेपीनुमच्या बोयानो दरवाज्यावर एक शिलालेख आहे, इसवी सन १७०च्या आसपासचा, बादशहा मार्कस ऑरेलियसच्या काळातला. भानगड अशी की या गावचे अधिकारी आणि शिपाई जाणाऱ्या मेंढपाळांना अडवायचे. तुम्ही पळून आलेले गुलाम आहात, जनावरं चोरीची आहेत, असं म्हणून छळायचे, आणि त्या गोंधळात बादशहाचीच मेंढरं हरवायची. तक्रार रोमला गेली. तिथून ताकीद आली: पुन्हा असं कानावर आलं तर चौकशी होईल. ती ताकीद दरवाज्यावर कोरून ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. दिवाळीनंतर फलटण-बारामतीकडचे धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जाताना ज्यांनी पाहिलेत, शेतात वाघर लावून बसवलेली मेंढरं पाहिलीत, त्यांना हा शिलालेख समजायला लॅटिन लागणार नाही. धनगराला अडवणारा गणवेश तेवढा बदलतो.

हंगामी स्थलांतराची ही मेंढपाळी २०१९मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. वाटा मात्र बऱ्याच ठिकाणी शेतात आणि रस्त्यात गेल्या.

रेल्वेवेड्यांसाठी: सुलमोना ते कार्पिनोने हा ११८ किलोमीटरचा डोंगरी मार्ग १८९७चा आहे. त्यावरचं रिविसोंदोली-पेस्कोकोस्तान्त्सो स्थानक १२६८ मीटरवर. नेहमीच्या गाड्या २०११मध्ये बंद झाल्या, आता सुट्ट्यांच्या दिवशी जुने डबे जोडून पर्यटकांची गाडी सोडतात. लोक तिला इटलीची ट्रान्ससायबेरियन म्हणतात. आरक्षण फार आधी करावं लागतं.

सांगायचं एवढंच की दहा दिवस असतील तर त्यातले निदान पाच एका खोऱ्याला द्या. एकच खोली घ्या, एकाच बारमध्ये रोज सकाळी कॉफी प्या. दुसऱ्या दिवशी तो ओळख दाखवतो, तिसऱ्या दिवशी विचारतो की तुम्ही इथे आलातच कसे. त्यापुढची इटली कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत नसते.

तुमचे कोपरे येऊ द्यात.

खादाड_बोका

झकास धागा. पण मुद्द्याचं बोला. आमच्याकडे दोन कट्टर शाकाहारी आहेत, त्यातल्या एक आई. मेंढपाळांच्या मुलखात खायचं काय, साखरेचे बदाम?

पायवाट

@खादाड_बोका, प्रश्न रास्त आहे. तिथली शान म्हणजे मेंढीच्या मांसाच्या बारीक सळया, त्या विसरा. शाकाहाऱ्यांसाठी: निखाऱ्यावर भाजलेलं स्कामोर्त्सा चीज (बाहेरून खरपूस, आतून वाहतं), सान्तो स्तेफानो दि सेस्सानियोच्या बारक्या मसुरांचं सूप, लसणात परतलेल्या कडू पालेभाज्या, आणि ‘कितार्रा’ पास्ता. तारा ताणलेल्या लाकडी चौकटीवर कणकेची पोळी ठेवून वरून लाटणं फिरवतात, चौकोनी शेवया खाली पडतात. पण सांगताना साधा टोमॅटोचा रस सांगा, नाहीतर त्यात सुपारीएवढे मांसाचे गोळे येतील.

दोन सूचना. ‘मांस नको’ म्हटल्यावर समोर हॅम आला तर चिडू नका. तिकडे बऱ्याच जणांच्या लेखी हॅम हे मांसात धरत नाहीत. प्रत्येक गोष्टीचं नाव घेऊन नको म्हणायचं. दुसरं, सूप मांसाच्या पाण्यात शिजवलंय का ते विचारा. आई फारच काटेकोर असतील तर पार्मेजानो आणि पेकोरिनोसुद्धा नको, ती चीजं वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट घालून विरजतात.

खादाड_बोका

रेनेटचं आईला सांगणार नाही. पिझ्झा बंद होईल घरातला.

शिराळकर

ताई, कोकुल्लोचं वाचून अंगावर काटा आला बगा. मी बत्तीस शिराळ्याचा. आमच्याकडं नागपंचमीला जिवंत नाग पुजायचे, गाडीवरनं मिरवणूक निघायची. लहानपणी वडिलांच्या बरोबर नाग धरायला रानात गेलोय, मडक्यात ठेवायचे घरी. कोर्टाची बंदी आली आणि मग प्रतिमेची पूजा सुरू झाली. बंदीचं कारण कळतं, नागाचे हाल व्हायचे हे खोटं नाही. पण यांच्याकडं चालू कसं काय राहिलं?

पायवाट

@शिराळकर, मला वाटतं सगळ्यात मोठा फरक जातीचा. तिकडचे साप बिनविषारी, तुमचे नाग. शिवाय कोकुल्लोत गेली काही वर्षं सर्पतज्ज्ञ येऊन बसतात, धरलेला प्रत्येक साप मोजतात, तपासतात, नोंद करतात आणि मग सोडायला देतात. साप धरणाऱ्यांनाच अभ्यासाच्या कामाला जुंपलंय म्हणा ना. बाकी मडक्याची गोष्ट तिथल्या म्हाताऱ्यांकडूनही ऐकली आहे, तेही पूर्वी मडक्यातच ठेवत.

शिराळकर

मडकं दोन्हीकडं! लेकाला दाखवतो हा धागा.

बोलोन्याची_सून

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, खास या धाग्यासाठी. पायवाट, लिहिलंयस छान, पण मी जरा मिठाचा खडा टाकणार आहे.

माझ्या सासूबाई मोलिसेच्या. लग्न करून बोलोन्याला आल्या. त्यांचं गाव इसेर्नियाच्या वरच्या अंगाला, दर ऑगस्टमध्ये आम्ही जातो. ऑगस्टमध्ये गाव भरलेलं असतं कारण कॅनडातून, जर्मनीतून, तुरीनमधून सगळे परत येतात. नोव्हेंबरमध्ये गेलीस तर संध्याकाळी दिवे लागलेली घरं बोटावर मोजशील. शाळा बंद झाली, मुलं बसने खालच्या गावात जातात. डॉक्टर ठरलेल्या वारी येतो, त्या वारी आजारी पडायचं. पर्यटक म्हणतात ‘काय शांतता आहे!’ सासूबाईंना हे वाक्य ऐकलं की तिडीक येते. त्या म्हणतात, मी लहान असताना इथे एवढा गोंगाट असायचा की दुपारी झोप लागायची नाही.

आणि ती एक युरोच्या घरांची टूम. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरही फिरत असते. सिसिलीत साम्बूका, मुस्सोमेली. मोलिसेत कास्त्रोपिन्यानोनेही काढली होती. घर एक युरोला, पण ठराविक मुदतीत डागडुजी पूर्ण करायची हमी द्यायची, बऱ्याच ठिकाणी अनामत ठेवायची. छत गळतंय, भिंती सामाईक, वारसदार तीन देशांत. खर्च काही हजार युरोंत भागत नाही. २०१९मध्ये मोलिसे सरकारने दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावात राहायला येऊन धंदा सुरू करणाऱ्याला तीन वर्षं महिना ७०० युरो देऊ केले होते. विनोद नव्हे, खरंच. ज्या प्रदेशाला लोक ‘नाहीच’ म्हणतात त्याला माणसं आणायला पैसे मोजावे लागतायत.

तेव्हा जा, जरूर जा. फक्त ‘अस्सल, न बिघडलेलं’ असं काही लिहू नका. ते बिघडलंय, म्हणून रिकामं आहे.

पायवाट

@बोलोन्याची_सून, शंभर टक्के मान्य. आणि तो फिटर उत्तरेत का आला होता याचं उत्तरही हेच. तरी एक म्हणेन. त्या गावांत पाच रात्री राहिलेल्या माणसाचे पैसे बारवाल्याला, बेकरीला, खोली देणाऱ्या बाईला मिळतात. दुपारी बसमधून उतरून फोटो काढून जाणाऱ्याचे कुणालाच मिळत नाहीत. चिव्हिता दि बान्योरेज्यो या टेकडीवरच्या गावाने २०१३पासून आत जायला तिकीट लावलं, व्हेनिसने २०२४पासून गर्दीच्या दिवसांत दिवसाच्या पाहुण्यांना प्रवेशशुल्क. ती गर्दी अशा गावांत येऊ नये, पण राहणारा माणूस यावा असं मला वाटतं.

पहिलटकर

मी गोंधळलोय. आम्ही दोघं, पहिल्यांदाच परदेश, दहा दिवस. आयुष्यात दुसऱ्यांदा जमेल की नाही माहीत नाही. व्हेनिस न बघता साप बघून आलो तर बायको घरात घेणार नाही.

मुक्काम_पोस्ट

@पहिलटकर, घाबरू नका. असे धागे वाचून अपराधी वाटून घ्यायची गरज नाही. कलोसियमसमोर गर्दी आहे कारण ते कलोसियम आहे. ज्यांचं दर वर्षी जाणं होतं त्यांनी कोपरे शोधावेत, आपण आधी दिवाणखाना बघावा.

पायवाट

@मुक्काम_पोस्टशी सहमत, आश्चर्य वाटेल तुम्हाला. रोम सोडा असं मी कुणालाच सांगणार नाही. @पहिलटकर, रोम चार रात्री, सुलमोना तीन, उरलेल्या व्हेनिसला. पिसा, मिलान, आमाल्फी खोडा. रोम-सुलमोना रेल्वेने काही तासांचंच अंतर. बायकोला बदामांची फुलं दाखवा, सापांचं बोलूच नका.

तिरफळ

गोंयांतून लिहितोय. इटली बघायला इटलीलाच जायला हवं असं कुठे आहे? जुन्या गोव्यात बाँ जेझू बासिलिकात संत फ्रान्सिस झेवियरचं जे थडगं आहे, त्याचा खालचा संगमरवरी चबुतरा फ्लॉरेन्सचा. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा दे मेदिची याने पाठवला. शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी, काम दहाएक वर्षं चाललं, १६९८मध्ये इथे बसवलं. रंगीत दगड कापून बसवलेलं ते काम फ्लॉरेन्सची खासियत. लोक वर चांदीच्या पेटीकडे बघत दर्शन घेऊन निघून जातात, खालच्या कांस्य पट्ट्यांकडे कुणी वाकून बघत नाही. पुढच्या वेळी वाका जरा.

रंकाळा_संध्याकाळ

फ्लॉरेन्सचा विषय निघालाच आहे तर कोल्हापूरकरांना गप्प कसं बसवेल!

फ्लॉरेन्सला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने काशीने बागेच्या पश्चिम टोकाला जावं. तिथे आमच्या छत्रपती राजाराम महाराजांचं स्मारक आहे. १८७०मध्ये महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले, इंग्लंड बघून परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला वारले. वय फक्त वीस. नदीसंगमावर दहन व्हावं म्हणून आर्नो आणि मुन्योने या नद्या मिळतात ती जागा निवडली. इटलीत तेव्हा दहन ही माहीत नसलेली गोष्ट, खास परवानगी काढावी लागली. रात्रीच्या वेळी चिता पेटली आणि बघायला शहर लोटलं म्हणतात. १८७४मध्ये तिथे छत्री उभी राहिली. आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, फेटा, दागिने, सगळं. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. हाच मँट पुढे आमच्या नव्या राजवाड्याचा वास्तुकार. म्हणजे फ्लॉरेन्समधल्या छत्रीला आणि कोल्हापूरच्या न्यू पॅलेसला हात एकच लागलाय.

गंमत म्हणजे फ्लॉरेन्सचे लोक त्या अख्ख्या भागाला ‘इंडियानो’ म्हणतात. शेजारच्या पुलाचंही तेच नाव. हा इंडियानो कोण, हे सायकल चालवणाऱ्या तीन जणांना विचारलं. एक म्हणाला महाराजा, दुसरा म्हणाला व्यापारी, तिसरा म्हणाला तुम्हीच सांगा. मग काय, सांगितलं की. अर्धा तास.

पायवाट

@रंकाळा_संध्याकाळ, हा प्रतिसाद मूळ धाग्यात हवा होता! महाराजांची त्या दौऱ्यातली इंग्रजी रोजनिशी १८७२मध्ये छापून आली आहे. जाणाऱ्यांनी आधी चाळावी. विशीतला मुलगा लंडनमध्ये काय काय टिपून ठेवतो ते बघण्यासारखं आहे.

सायकल_पंक्चर

तिथे जायचं कसं? नकाशात काशीने बाग लांबच लांब दिसतेय.

रंकाळा_संध्याकाळ

ट्रामने बागेपर्यंत जा, पुढे नदीकाठाने सरळ पश्चिमेला चालत सुटा. तीनेक किलोमीटर पडतं. भाड्याची सायकल मिळाली तर उत्तम. (तुमचं नाव बघता हवा तपासून घ्या.)

माणगावकर

मी इथे सहसा वाचतोच फक्त. पण अब्रुत्सो वाचून राहवलं नाही.

आमच्या माणगावात तहसील कार्यालयाच्या आवारात नायक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचे. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४ला वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. त्यांच्याशिवाय सगळे पडले. एकटे धावून गेले, बॉम्ब टाकला, टॉमीगनने गोळ्या झाडल्या, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेले दोघे मारले. नंतर लपलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्यांना टिपलं. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण कबर नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे.

२०२३च्या जुलैमध्ये उम्ब्रियातल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. आम्हाला पेपरात वाचून कळलं. मला एवढंच विचारायचं होतं, तिथे कुणी गेलंय का? आमच्याकडून कुणी गेलं तर कसं जायचं?

पायवाट

@माणगावकर, मोंतोने पेरुजाच्या उत्तरेला, टायबर खोऱ्यात टेकडीवर. जवळचं मोठं गाव उम्बेर्तिदे. पेरुजाला रेल्वेने यावं, पुढे गाडी किंवा बस. रविवारी बसवर अजिबात विसंबू नका. रविवार म्हणजे त्या भागात संचारबंदीच. गावाला तटबंदी आहे, वर पोचल्यावर खालचं सगळं खोरं दिसतं. तिथे उभं राहिलं की समजतं, लढाई चढावर का झाली.

आणखी दोन जागा सांगते. फोर्लीला भारतीय सैन्याची दफनभूमी आहे, तिथल्या दहन-स्मारकावर सुमारे आठशे नावं आहेत. हिंदू आणि शीख सैनिकांना दहन दिलं, म्हणून त्यांना कबर नाही, भिंतीवर नाव. दुसरी अब्रुत्सोत, तोरीनो दि सांग्रोजवळ, सांग्रो नदीवरची. १९४३च्या नोव्हेंबरातल्या त्या लढाईत आठवी भारतीय डिव्हिजन होती, तिच्यात मराठा पलटण. तिथेही दहन-स्मारक आहे. नावं वाचत गेलं की सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर अशी गावं डोळ्यांपुढे येतात. आडनावं आपलीच, स्पेलिंग इंग्रजांचं.

शिराळकर

नामदेव जाधव पण तिकडचंच ना? नगर जिल्ह्याचे.

माणगावकर

हो. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. ते जखमी दोघांना सुरुंगांतून, पाण्यातून पलीकडे पोचवून परत गेले आणि तीन मशीनगन चौक्या बंद पाडल्या. मग बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्या कंपन्यांना बोलावलं. ते जिवंत परतले, १९८४पर्यंत होते.

पायवाटताई, माहितीबद्दल आभार. पुढच्या वर्षी चौघं जण निघायचं म्हणतोय.

तिरफळ

@माणगावकर, जाताना छोटा हार घेऊन जा, पण ताजी फुलं विमानतळावर अडवतात. सुलमोनाच्या बदामांची फुलं कशी वाटतील?

मुक्काम_पोस्ट

माझा दिवाणखान्याचा मुद्दा मागे घेत नाही, पण कोपऱ्यात आपलीच माणसं निघाली म्हटल्यावर जावंच लागेल.

दुपारचा_चहा

कुणीच त्रिएस्तेचं नाव घेतलं नाही म्हणून हजेरी. ईशान्येचं टोक, पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचं बंदर, दुसऱ्यानंतर १९५४मध्ये पुन्हा इटलीत. तिथे कॉफीची भाषाच निराळी. ‘कापो’ मागितलं की छोट्या कपात दूध घातलेली एस्प्रेसो, ‘कापो इन बी’ म्हटलं की तीच काचेच्या ग्लासात. रोमच्या सवयीने कॅपुचिनो मागितली तरी बहुधा तसंच काहीतरी लहानखुरं येतं. ‘बोरा’ नावाचा वारा सुटला की माणसं खांब धरून चालतात. सविस्तर पुन्हा कधीतरी.

पायवाट

@दुपारचा_चहा, ‘पुन्हा कधीतरी’ चालणार नाही. वेगळा धागा काढा.

बोलोन्याची_सून

काल रात्री सासूबाईंना हा अख्खा धागा इटालियनमध्ये वाचून दाखवला, दोन तास लागले. कोल्हापूरच्या महाराजांपाशी त्यांनी क्रॉस केला. सैनिकांपाशी म्हणाल्या की त्यांच्या काकांनी फेटेवाले सैनिक पाहिले होते, खेचरं घेऊन डोंगर चढणारे, आणि एकाने काकांना गूळ दिला होता. (गूळच का, मला माहीत नाही. ‘तपकिरी, गोड, दगडासारखं’ असं त्या म्हणाल्या.)

बाकी धाग्यावर त्यांच्या तीन हरकती आहेत. एक, स्कामोर्त्सा अब्रुत्सोची म्हणून सांगितलीत, ती मोलिसेची. दोन, तुम्ही लोकांनी चीजचा विषय काढून अन्योनेच्या काचोकाव्हाल्लोचं नावही घेतलं नाही. तीन, आता घ्यायचंच असेल तर अन्योनेचं घेऊ नका, ते मिरवतात फार. त्यांच्याकडे घंटा ओतायचा शेकडो वर्षांचा कारखाना आहे, पोपचं नाव लावतात, नाताळाच्या आदल्या रात्री मशालींची मिरवणूक काढतात, म्हणून चीजही चांगलं असेलच असं नाही. चीज त्यांच्या स्वतःच्या गावचं. अन्योने तिथून समोरच्या डोंगरावर दिसतं.

गावाचं नाव विचारू नका. पर्यटक येतील म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, चौघं ते माणगावचे आले तर चालतील, त्यांना जेवायला घालेन.